पांढरपेशा नोकरीतील शिकाऊ उमेदवारी : मालकाच्या बाजूने एक विचार

वाणिज्य शाखेचा पदवीधर एखाद्या पेढीवर किंवा कचेरीत नोकरीसाठी गेला, की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो अनुभवाचा. "टॅली येते का? पूर्वी कोठे काम केले आहे?" टॅली येत असते, पण काम कोठेच केलेले नसते, कारण ते कोणी दिलेलेच नसते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र आहे. याविषयी विद्यार्थ्यांच्या बाजूने पुष्कळ बोलले जाते. परंतु नोकरी देणाऱ्याच्या मनात त्या वेळी कोणता हिशेब चाललेला असतो, याचा विचार सहसा होत नाही. तो हिशेब समजल्याशिवाय हे चक्र तुटणार नाही. म्हणून प्रस्तुत लेखात शिकाऊ उमेदवारीचा प्रश्न मालकाच्या गादीवर बसून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे काय?

शिकाऊ उमेदवार हा पूर्ण नोकर नसतो आणि नुसता विद्यार्थीही नसतो. ठरावीक मुदतीसाठी, लेखी कराराने, काम करता करता काम शिकणारी ती व्यक्ती असते. मालक तिला शिकवतो व विद्यावेतन देतो. उमेदवार शिकतो व मालकाचे काम करतो. शिंप्याच्या दुकानात मुलगा आधी काज-बटण करतो, मग शिलाई शिकतो आणि कात्री त्याच्या हाती सर्वांत शेवटी येते. पहिल्याच दिवशी कोणी त्याला कोट बेतायला सांगत नाही, आणि तीन वर्षे नुसते काज-बटणही करायला लावत नाही. कामाला क्रम असतो आणि शिकवणारा समोर असतो. शिकाऊ उमेदवारीचे सारे तत्त्व यात आले.

लेखणीच्या कामाला हे तत्त्व लागू पडत नाही, असा एक समज आहे. हातोडीचे काम कारखान्यात शिकावे आणि हिशेबाचे काम पुस्तकातून शिकावे, असे आपण धरून चालतो. पण ताळेबंद पुस्तकात नेहमी जुळलेलाच असतो. व्यापाऱ्याच्या कपाटातील व्हाउचरे, बँकेचा उतारा आणि जीएसटीचे विवरण यांचा मेळ बसत नाही, तेव्हा काय करावे हे त्या कपाटाशेजारी बसूनच शिकावे लागते.

आपल्या गावातील तीन वाटा

हुबळीपुरते पाहिले तरी उमेदवारीच्या तीन जुन्या वाटा दिसतात.

पहिली वाट रेल्वेची. एकोणिसाव्या शतकात सदर्न मराठा रेल्वेने येथे कार्यशाळा काढली. शिकाऊ उमेदवार घेण्याची रेल्वेची पद्धत जुनी असून ती आजही चालू आहे. २०२३ साली नैऋत्य रेल्वेने उमेदवारांच्या ९०४ जागांची जाहिरात दिली. त्यांपैकी २३७ जागा हुबळी विभागात व २१७ येथील डबे दुरुस्तीच्या कार्यशाळेत होत्या. निवड मुलाखतीने न होता दहावीच्या व आयटीआयच्या गुणांवरून होणार होती. म्हणजे ओळखपाळख नसलेला मुलगाही आत जाऊ शकत होता. मात्र या जागा मुख्यतः फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कामांच्या होत्या. संगणक सहायकासारखे कचेरीजवळ जाणारे काम त्यांत थोडेच होते.

दुसरी वाट पेढीची. दुर्गदबैलच्या बाजारात काय, किंवा आमच्या जुन्या हुबळीत काय, व्यापाऱ्याकडे दिवाणजी असे आणि त्याच्या हाताखाली एखादा मुलगा बसे. आधी पत्रे पोचवणे, मग कीर्द लिहिणे, मग खतावणी, आणि विश्वास बसल्यावर तेरीज व रोकड, असा त्याच्या शिक्षणाचा क्रम असे. हे शिक्षण उत्तम होते यात शंका नाही. पण तो मुलगा कोण असे? दिवाणजीचा भाचा, मालकाच्या नात्यातला किंवा जातीतला, निदान ओळखीतून आलेला. मुलगी तर नसेच. पेढीच्या उमेदवारीला अभ्यासक्रम होता, पण दार नव्हते. होती ती खिडकी, आणि तीही घरच्यांपुरती.

तिसरी वाट चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीतील आर्टिकलशिपची. पांढरपेशा कामात सर्वांत शिस्तबद्ध उमेदवारी हीच. चार्टर्ड अकाउंटंट कायदा १९४९ चा. पूर्वी तीन वर्षे असलेली आर्टिकलशिप १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली आहे. येथे करार होतो, नोंदणी होते आणि विद्यावेतन द्यावे लागते. इंग्लंडमध्ये एके काळी आर्टिकल क्लार्कच्या बापालाच मालकाला मोठी रक्कम मोजावी लागे. तशी पद्धत चालू राहिली असती, तर गरिबाच्या मुलाला या व्यवसायाचे तोंडही दिसले नसते. नियमाने दार उघडता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या तीन वाटा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रेल्वेच्या उमेदवारीत दार मोठे आहे, पण लेखणीचे काम थोडे आहे. पेढीत लेखणीचे काम आहे, पण दार लहान आहे. आर्टिकलशिपमध्ये दोन्ही आहेत, पण ती एकाच व्यवसायापुरती आहे आणि तिच्याआधी कठीण परीक्षा आहे. सामान्य बी. कॉम.साठी मोठ्या दाराची कचेरीतील उमेदवारी ही चौथी वाट आता हवी आहे.

कायदा काय सांगतो?

भारताचा शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. आरंभी त्याचे लक्ष कारखान्यातील धंद्यांवर होते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक पातळीवरील व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आले. अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांना दार उघडले ते २०१४ च्या दुरुस्तीने. म्हणजे कला-वाणिज्यवाल्यांची पाळी यायला पन्नासावर वर्षे लागली.

२०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असल्यास ते ऐच्छिक आहे. उदाहरणार्थ, ४० माणसांच्या कचेरीला निदान एक आणि फार तर सहा उमेदवार घेता येतात. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा रु. ५,००० ते रु. ९,००० ठरवले आणि पदवीधरासाठी ते रु. ९,००० धरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली. पदवीधरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत नोंद केल्यास किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. कर्नाटकासाठी या योजनेचे काम चेन्नईचे मंडळ पाहते, तर महाराष्ट्रासाठी मुंबईचे.

अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद या कायद्यात १९७३ पासून आहे. इतर मागासवर्गीयांसाठीची तरतूद २००७ मध्ये आली. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. मात्र अशा उमेदवारांच्या भरतीबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे, असे २०१४ ची दुरुस्ती सांगते.

पांढरपेशा क्षेत्रातले ठळक उदाहरण बँकांचे आहे. कॅनरा बँकेने २०२४ मध्ये पदवीधर उमेदवारांच्या ३,००० जागा काढल्या. मुदत एक वर्ष आणि दरमहा रु. १५,००० असे स्वरूप होते. त्यांपैकी रु. ४,५०० सरकारचे व उरलेले रु. १०,५०० बँकेचे होते.

मालकाचा जमाखर्च

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कायदा काहीही सांगो, मालकाला हे परवडते का? त्याच्या शंका खोट्या नाहीत. नवा माणूस चुका करतो, जुन्या माणसाचा वेळ खातो, आणि शिकून तयार झाला की दुसरीकडे निघून जातो. या शंकांना उपदेशाने उत्तर देता येत नाही. आकडेच मांडले पाहिजेत. पुढील आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या पेढीचे आकडे घालून पाहावेत.

समजा, एका वितरकाच्या कचेरीत पदवीधर उमेदवार वर्षभरासाठी घेतला. विद्यावेतन रु. ९,०००. निम्मे सरकारकडून आले, तर मालकाचे महिन्याला रु. ४,५००, वर्षाला रु. ५४,०००. त्याला शिकवायला रु. ४०,००० पगाराचा जुना कारकून रोज आठ तासांपैकी एक तास देतो. त्या तासाची किंमत महिन्याला रु. ५,०००, वर्षाला रु. ६०,०००. एकूण खर्च रु. १,१४,०००.

आता जमेची बाजू. तयार कारकुनाचे काम महिन्याला रु. १८,००० किमतीचे धरू. उमेदवार पहिले चार महिने काहीच उपयोगी पडत नाही असे समजा. पुढचे चार महिने तो निम्मे काम करतो, म्हणजे रु. ३६,०००. शेवटचे चार महिने पाऊण काम, म्हणजे रु. ५४,०००. एकूण जमा रु. ९०,०००. वर्षाअखेर तूट रु. २४,०००.

तूट आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण हाच नवखा मुलगा पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारावर घेतला असता तर? पगार रु. २,१६,००० आणि शिकवण्याचा वेळ रु. ६०,०००, मिळून रु. २,७६,०००. जमा तेवढीच, रु. ९०,०००. तूट रु. १,८६,०००. मालक "अनुभव किती?" म्हणून का विचारतो, ते येथे कळते. त्याचा प्रश्न हट्टाचा नसून हिशेबाचा आहे.

तिसरा मार्ग दुसऱ्याचा तयार माणूस ओढून आणण्याचा. तो चार हजार जास्त मागतो असे धरू. म्हणजे वर्षाला रु. ४८,००० जादा, आणि ते दरवर्षी. उमेदवाराची रु. २४,००० ची तूट एकदाच येते. तीन उमेदवार घेतले आणि दोघे निघून गेले असे समजले, तरी तिघांची मिळून तूट रु. ७२,०००. राहिलेल्या एकामुळे वर्षाला रु. ४८,००० वाचले, तर दीड वर्षात ती भरून निघते. एकही राहिला नाही, तर मात्र नुकसान आहे. म्हणजे सारा हिशेब दोन गोष्टींवर उभा आहे : शिकवणी किती लवकर फळाला येते, आणि शिकलेल्यांपैकी कोणी टिकते का.

इतर देशांचा अनुभव याला पुष्टी देतो. स्वित्झर्लंड व जर्मनीत कचेरीचे आणि बँकेचे काम पिढ्यान्‌पिढ्या उमेदवारीतूनच शिकवले जाते. स्वित्झर्लंडमध्ये तर वाणिज्य उमेदवारी ही सर्वाधिक मुले निवडतात ती शाखा आहे. यूबीएस या मोठ्या बँकेचे प्रमुख सर्जिओ एर्मोटी यांनी आरंभ केला तो लुगानो येथील एका बँकेत उमेदवार म्हणून. तेथील अभ्यासांतून असे दिसते, की स्वित्झर्लंडमधील बहुतेक मालकांचा खर्च उमेदवारीच्या काळातच उमेदवाराच्या कामातून वसूल होतो. जर्मनीत सरासरीने तूट येते आणि उमेदवार पुढे नोकरीत राहिला की ती भरून निघते. मात्र तेथे उमेदवारी तीन वर्षांच्या आसपास असते. आपण सहा महिन्यांत सोन्याचे अंडे मागतो. पी हळद अन् हो गोरी, असे कोणत्याच देशात झालेले नाही.

दार रुंद का करावे?

येथे कोणी म्हणेल, उमेदवार घेऊ, पण आपल्या ओळखीतलाच घेऊ. सर्वांना दार उघडण्यात मालकाचा काय फायदा? पहिले उत्तर न्यायाचे आहे. पेढीच्या खिडकीतून ज्यांना कधीच आत घेतले नाही, त्यांनाही लेखणीचे काम शिकण्याचा हक्क आहे. दुसरे उत्तर व्यापाराचे आहे, आणि मालकाला ते अधिक पटेल.

अर्ध्या तासाच्या मुलाखतीत काय कळते? उमेदवार इंग्रजी कसे बोलतो, कपडे कसे घालतो, कोणाची ओळख सांगतो, एवढेच. आम्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींची इंग्रजीत पहिल्या वाक्यालाच गाडी अडते, आणि मुलाखत तेथेच संपते. पण हुबळीचा व्यापार कोणत्या भाषेत चालतो? माल बेळगाव, निपाणी, इचलकरंजी, सांगलीहून येतो; ब्याडगीची मिरची कोल्हापूरकडे जाते. दूरध्वनीवर मराठीत दर ठरवायचा, गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलायचे, हमालाशी दोन्ही मिसळून, आणि विवरणपत्र इंग्रजीत भरायचे, असे येथले काम आहे. 'हिशेब' आणि 'लेक्क' हे दोन्ही शब्द ज्याच्या तोंडी सारख्याच सहजतेने येतात, त्याची खरी किंमत मुलाखतीत दिसत नाही. बारा महिन्यांच्या उमेदवारीत ती नक्की दिसते.

बँकांच्या उमेदवारीत स्थानिक भाषेची चाचणी असते. दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा असल्यास चाचणी माफ होते. कर्नाटकातील जागेसाठी आमच्यापैकी प्रत्येकाला कन्नड वाचता, लिहिता व बोलता आले पाहिजे, ही अट मला योग्यच वाटते. भाषेची अट उघड सांगितली, म्हणजे तिची तयारी करता येते. न सांगितलेल्या अटींची तयारी कशी करणार?

हाच न्याय इतरांनाही लागू आहे. लग्न-बाळंतपणानंतर चार वर्षे घरी राहिलेली पदवीधर स्त्री मुलाखतीत 'जुनी' ठरते. सहा महिन्यांच्या उमेदवारीत ती पुन्हा तयार होते. पायाने अधू असलेला मुलगा हिशेबाला अधू नसतो. त्याला तळमजल्यावर टेबल लागते, एवढेच. अंध व्यक्ती पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने संगणकावर काम करते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात खाजगी मालकांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे, तीही याच हेतूने. अशा उमेदवारांना इतरांनी नाकारलेले असते. ज्याने घेतले आणि शिकवले, त्याच्याकडे ते टिकण्याचा संभव अधिक असतो. आणि टिकणे हाच तर मालकाच्या हिशेबाचा अर्धा भाग आहे.

मालकांनी काय करावे?

(१) शिक्षणाचा क्रम लेखी असावा. पहिल्या तीन महिन्यांत व्हाउचर व रोकड, नंतर बँक जुळवणी, नंतर जीएसटी व टीडीएस, शेवटी ताळेबंदाला मदत, असा तक्ता भिंतीवर लावावा. वर्षभर नुसती झेरॉक्स काढायला लावणे ही उमेदवारी नव्हे. त्यात उमेदवाराचे वर्ष जाते आणि मालकाची जमेची बाजूही कोरी राहते.

(२) शिकवणारा एकच ठरवावा आणि त्याचा तो तास कामाचा धरावा. "फावल्या वेळात शिकव" म्हटले, की फावला वेळ कधीच येत नाही.

(३) जागा उघड जाहीर करावी. महाविद्यालयांच्या फलकावर कन्नड व मराठीतही सूचना लावावी. निवडीला मुलाखतीऐवजी कामाचा नमुना ठेवावा. वीस व्हाउचरे द्यावीत आणि कीर्द लिहायला सांगावी.

(४) विद्यावेतन किमानाच्या वर ठेवता आले तर ठेवावे. ते तिकिटात आणि खोलीभाड्यात संपले, तर परगावचा गरीब मुलगा दोन महिन्यांत सोडून जाईल आणि शिकवणी वाया जाईल.

(५) पुढचे धोरण आधीच सांगावे. रेल्वेच्या तळाच्या श्रेणीतील भरतीत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखण्याची पद्धत आहे. खाजगी मालकाने "तिघांतून एकाला घेऊ" एवढे आरंभी सांगितले, तरी तिघेही मन लावून काम करतील.

(६) लहान पेढ्यांनी एकत्र यावे. अनेक मालकांनी मिळून, उमेदवाराला एकमेकांच्या आस्थापनांत फिरवून शिकवण्याची सोय कायद्यात आहे. पाच माणसांच्या दुकानात सर्व कामे नसतात. एकाकडे जीएसटीचे काम मोठे, दुसऱ्याकडे गोदामाचे, तिसऱ्याकडे परगावच्या वसुलीचे. चार दुकानांत तीन-तीन महिने काढलेला मुलगा एका मोठ्या कचेरीत तयार झालेल्या मुलाला हार जाणार नाही. हुबळीत कर्नाटक वाणिज्य व उद्योग मंडळासारखी जुनी संस्था आहे. तिने मध्यस्थी केली, तर हे काम अवघड नाही.

समारोप

उमेदवारीत धोकेही आहेत. कमी पैशांत दरवर्षी नवा उमेदवार घ्यायचा आणि कायमची जागा कधी भरायचीच नाही, असा दुरुपयोग होऊ शकतो. त्यावर सरकारी देखरेख हवीच. पण तसे करणाऱ्या मालकाचेही खाते कधी जमेत येत नाही. दरवर्षी पहिले चार महिने तो नव्याने शिकवतो आणि तयार झालेला माणूस दरवर्षी दुसऱ्याच्या पदरात घालतो.

आपण विद्यार्थ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालकाचे चार महिने आपण फुकट घेत असतो. ते तीनवर आणणे आपल्या हाती आहे. कीर्द-खतावणी पक्की करणे, कन्नड लिहिण्याचा सराव ठेवणे आणि विवरणपत्रापुरते इंग्रजी साधणे, एवढी तयारी घरूनच करून गेलो, तर वरच्या हिशेबातील रु. २४,००० ची तूट बरीच खाली येईल. ती जितकी खाली येईल, तितका मालक दार उघडायला अधिक राजी होईल, आणि आपल्यामागून येणाऱ्याला "अनुभव किती?" या प्रश्नापाशी थांबावे लागणार नाही.